स्थळ पाहणी

ही गोष्ट आजवर दोनच माणसांना माहीत होती — मला आणि माझ्या आईला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे आता मी एकटाच. बायकोला सांगितलेलं नाही. मित्रांना सांगायचा तर प्रश्नच नाही. आमच्या मंडळींत एखादी गोष्ट सकाळी बोलावी आणि संध्याकाळी ती आपल्यालाच तिखटमीठ लावून ऐकायला मिळावी, अशी रीत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अनोळखी आहात. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मी काही फार मोठं धाडस करतोय असा तुमचा समज नको, म्हणून हे आधीच लिहून टाकतो.

तर — माझं पंचवटीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सीसीटीव्हीही बसवून देतो. पण लोक मला ओळखतात ते वेगळ्याच कारणासाठी. कुणीही मशिन दुरुस्तीला आणलं, की मी त्यावर एक वेगळा ब्राउझर टाकून देतो. फुकट. सगळ्यांच्या मशिनवर आधीपासून असतो तो नाही. जो तुम्ही काय पाहिलं, काय शोधलं याची नोंद ठेवत नाही, कुणाला कळवत नाही आणि बंद केला की सगळं विसरून जातो, असा. शिवाय तो हवा तसा मांडून घेता येतो. म्हाताऱ्यांना अक्षर मोठं करून देतो, मुलांना काळा रंग देतो, दुकानदारांना नको ती बटणं काढून टाकतो. आणि देताना एक छोटं भाषणही देतो — तुमचं ते तुमचं, दुसऱ्याला त्यात डोकवायचा काय अधिकार? वगैरे. हे भाषण एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात माइकवर झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल खांद्यावर पडली तेव्हा मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. पण घेतली. नारळाची चटणीसुद्धा खाल्ली.

लोकांना वाटतं, हा माणूस तत्त्वाचा आहे. माझं हे तत्त्व आलं कुठून, ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? नसतं.

आम्ही राहतो मखमलाबादला. घरामागं अर्धा एकर जागा, त्यात आई शेवंती आणि झेंडू लावायची. पहाटे तोडणी, उजाडताना फूलबाजार. मी आणि दादा त्या फुलांवरच वाढलो. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो कावीळ होऊन गेला तेव्हा वहिनी एकतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांची सई पाच वर्षांची. वहिनी माहेरी परत गेल्या नाहीत. दिंडोरी रस्त्याला द्राक्षं निर्यात करणारं एक पॅकहाउस आहे, तिथं पेट्यांच्या नोंदी ठेवायच्या कामाला लागल्या. बोलायला कमी, कामाला वाघ. आई त्यांच्यावर जीव टाकायची, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त बोलायची.

सईबद्दल काय सांगू? आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, शेवटी मी आणि बायकोनं तो विषय बंद केला. सई मला काका म्हणायची, पण माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहून शाळेच्या रिक्षापर्यंत जायची ती माझीच होती. माझ्या दुकानाच्या काउंटरवर बसून गृहपाठ करायची. जुन्या कीबोर्डची बटणं उपटून त्यांची माळ करायची. एखाद्या गिऱ्हाइकानं ‘तुमची मुलगी का?’ असं विचारलं तर मी ‘हो’ म्हणायचो. खुलासा करत बसायचो नाही. हे सगळं मी सारवासारव म्हणून सांगत नाही. सई माझ्यासाठी काय होती ते कळलं नाही, तर पुढचं कळणार नाही.

घरात कॉम्प्युटर एकच. ओटीवर, खिडकीपाशी. मीच जोडलेला. गावाच्या मशिनला वेगवेगळी खाती आणि पासवर्ड करून देणाऱ्या माझ्या घरात सगळ्यांना मिळून एकच खातं होतं आणि एकच ब्राउझर — तोच, सगळीकडे असतो तो. बायको त्यावर रेसिपी बघायची, आई दुपारी कीर्तन लावून बसायची, सई चित्रं रंगवायची, वहिनी कामावरून आल्यावर पॅकहाउसचे मेल बघायच्या. कुणाला काय लपवायचं होतं? असं मला वाटायचं.

सई नऊ-दहा वर्षांची असताना एका सोसायटीत कॅमेरे बसवायचं काम आलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त सरकारी इंजिनिअर. त्यांना माझं साधं कोटेशन चालेना. ‘आधी स्थळ पाहणी अहवाल द्या,’ म्हणाले. जागा बघा, कुठं खांब आहे, कुठं झाड आडवं येतं ते लिहा, सही करा. मी आयुष्यात असला अहवाल लिहिला नव्हता. नमुना शोधावा म्हणून दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा ओटीवरच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि टाइप केलं — ‘स्थळ’.

पुढचं टाइप करायच्या आतच खाली यादी उघडली. तुम्हाला माहीत आहे ना, ब्राउझर आधीचं सगळं लक्षात ठेवतो आणि आपणहून सुचवतो? त्यानं मला सुचवलं — स्थळ पुनर्विवाह नाशिक जिल्हा. स्थळ विधवा एक मुलगी. स्थळ रेल्वे नोकरी मनमाड.

मी आधी हसलो. सेक्रेटरींच्या अहवालाचा आणि विधवेचा काय संबंध? आणि मग उमगलं. आपल्या भाषेनंच दगा दिला होता. जागा बघायची तेही स्थळ, आणि नवरामुलगा बघायचा तेही स्थळ. मी जो शब्द कॅमेऱ्यांसाठी लिहिला, तोच शब्द माझ्या वहिनी त्याच खुर्चीवर बसून, कितीतरी संध्याकाळी, पुन्हा पुन्हा लिहीत होत्या.

इथपर्यंत माझी काही चूक नाही. हे मी प्रामाणिकपणे म्हणतो. यादी आपणहून उघडली, डोळ्यांनी वाचली. तिथंच उठायचं होतं. आमच्या धंद्यात एक साधी शिस्त असते — लोकांच्या मशिनमध्ये त्यांचे फोटो असतात, पत्रं असतात, नको नको ते असतं. हात दुरुस्तीपुरता घालायचा आणि काढून घ्यायचा. ती शिस्त मी दुकानात कधी मोडली नाही. घरी मोडली. मी ब्राउझरचा सगळा जुना माग उघडला आणि वाचत बसलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि नंतर रोज. जवळजवळ तीन आठवडे मी दुपारी जेवायला म्हणून घरी यायचो. बायकोला वाटायचं, काय हे, घरचं जेवण आवडायला लागलंय याला! तिनं दोनदा पुरणपोळी केली.

वहिनींचा मेल उघडाच असायचा. बंद करायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे — मी शिकवलं नव्हतं.

मनमाडचे एक गृहस्थ होते. रेल्वेत नोकरीला, बायको वारलेली, मूलबाळ नाही, घरी वडील. त्यांचे आणि वहिनींचे मेल मी वाचले. त्यांत प्रेमाबिमाचं काही नव्हतं, असतं तर कदाचित मला राग धरता आला असता. दोन दमलेली माणसं एकमेकांना जपून जपून प्रश्न विचारत होती. त्यांनी लिहिलं होतं, आमचं क्वार्टर रुळांना अगदी लागून आहे, गाड्यांच्या आवाजाला मुलगी घाबरेल का? वहिनींनी उत्तर दिलं होतं — ती आवाजाला घाबरत नाही, अंधाराला घाबरते. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर — मग आजच पॅसेजमध्ये दिवा लावून घेतो.

सई अंधाराला घाबरते, हे मला माहीत नव्हतं.

ही ओळ वाचून मला जे झालं ते लिहायला लाज वाटते. मत्सर. दुसरा शब्द नाही. मी त्या माणसाला पाहिलेलं नव्हतं, त्यानं सईला पाहिलेलं नव्हतं, आणि तरी तिकडं मनमाडला एक माणूस तिच्यासाठी दिवा लावत होता. मी तिचा कोण? सकाळी रिक्षापर्यंत सोडणारा काका.

आणि मग तो मेल. तो मला तोंडपाठ आहे. वहिनींनी त्यांना लिहिलं होतं: ‘आमचे भाऊजी फार समजूतदार आहेत. आधी त्यांनाच सांगणार आहे. ते आईंना नीट सांगतील. त्यांचा शब्द आई मोडत नाहीत.’

वाचलंत? भाऊजी म्हणजे मी. त्या माझ्यावर विसंबून होत्या, आणि हे मला कळलं ते त्यांचा मेल चोरून वाचताना. सज्जन माणूस असता तर त्याच क्षणी शरमून उठला असता. मी तो मेल दोनदा वाचला आणि जेवायला बसलो.

चार-पाच दिवसांनी वहिनी आल्याच. रविवार होता, मी अंगणात केबल गुंडाळत बसलो होतो. त्यांनी चहा आणून ठेवला आणि उभ्या राहिल्या. एरवी त्या चहा ठेवून लगेच आत जायच्या.

“भाऊजी, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. वेळ आहे का?”

मला माहीत होतं काय बोलायचं होतं. अक्षर न् अक्षर माहीत होतं. मी वर न बघता म्हणालो, “आत्ता नको वहिनी, सातपूरला कॅमेऱ्याचं काम निघालंय. रात्री बोलू.” सातपूरला काहीही काम नव्हतं. मी स्कूटर काढली, गंगापूर रस्त्यानं उगाच लांब गेलो, एका टपरीवर दुसरा चहा घेतला आणि अंधार पडल्यावर परत आलो. आलो तो डोकं दुखतंय म्हणून झोपलो. वहिनींना काय वाटलं असेल? काही नाही. त्यांना वाटलं, दमले भाऊजी.

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेल्यावर मी आईला सांगितलं.

घरात, नात्यात, भावकीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती अशी: म्हातारीला सुनेचं कळलं, म्हातारी खवळली, आणि म्हणाली, ‘तुला जायचं तर जा, पोरगी या घरातनं हलणार नाही.’ वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात मनमाडला एक शेवटचा मेल गेला. तो मी वाचला नाही. तुम्ही म्हणाल, तेवढी तरी लाज उरली होती. लाज नव्हे, मला बघवलं नसतं. वहिनी राहिल्या. सई राहिली. माझं सगळं मनासारखं झालं.

आठ-दहा दिवसांनी वहिनींनी मला विचारलं — पहिल्यांदाच थेट, ओटीवर, सई शेजारी चित्र रंगवत असताना, म्हणून आवाज अगदी खाली आणून — “आईंना कसं कळलं असेल हो, भाऊजी? मी कुणालाच बोलले नव्हते.”

मी काय म्हणालो असेन? माझ्या तोंडून जे आलं त्याची तयारी मी केली नव्हती, इतकं ते सहज आलं. मी कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. म्हणालो, “वहिनी, हा ब्राउझर चुगलखोर असतो. आपण काय शोधतो ते हा लक्षात ठेवतो आणि मग त्याच्याच जाहिराती मागं लागतात. आई दुपारी कीर्तन लावते ना? बाजूला लग्नाच्या जाहिराती दिसल्या असतील.” आणि एक पान उघडून दाखवलं. खरंच होती तिथं जाहिरात — हार घातलेलं जोडपं, ‘पुन्हा नवी सुरुवात’ वगैरे. खोटं बोलताना एवढा चांगला पुरावा माझ्या हाती दुसऱ्यांदा लागणार नाही.

वहिनी त्या जाहिरातीकडं बघत राहिल्या. “मग हे मला कुणी सांगायला नको होतं का?” एवढंच म्हणाल्या. मला नाही, त्या कॉम्प्युटरला.

मग मी ब्राउझर बदलायचं मनावर घेतलं. हसाल, पण पुढचे पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. चार-पाच ब्राउझर आणून बसवले. मुलीकडची माणसं मुलाची चौकशी करतात तशी एकेकाची चौकशी केली — मूळचा कुठला, पोट कशावर भरतो, कुणाकुणाशी ऊठबस आहे, आणि घरातलं बाहेर बोलतो का? एकानं पहिल्याच मिनिटाला माझं नाव-गाव विचारलं, त्याला परत पाठवलं. एक नुसता नट्यांच्या बातम्या दाखवायचा. एक दिसायला देखणा होता, पण आतून सगळं आधीच्याच मालकाचं निघालं. शेवटी एक मिळाला. साधा, मराठीत बोलणारा, माग काढणाऱ्यांना दारातच अडवणारा आणि बंद केला की पाटी कोरी करणारा. तो मी वहिनींसाठी मांडून दिला. त्यांचं वेगळं खातं केलं. वरची पट्टी अबोली रंगाची केली, कारण त्यांना तो रंग आवडतो. त्यांच्या पॅकहाउसचं पान, सईच्या शाळेचं पान, हवामान — अशा चौकटी समोरच लावल्या. आणि सगळ्यात आधी ती सुचवण्यांची यादी बंद केली. पत्त्याच्या पट्टीत कुठलाही शब्द लिहा, खाली काही उघडणार नाही.

मी मन लावून केलं हो. ते काम खोटं नव्हतं, एवढं तरी माना. पण ज्याच्यासाठी केलं ते — वहिनींसाठी केलं, की माझ्या खोट्याला टेकू हवा होता म्हणून? दोन्ही. सुटं करून सांगता येत नाही.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही होतात म्हणून.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी ‘अहो त्यात काय’ म्हणालो. नंतर त्यांनी पॅकहाउसमधल्या बायकांना सांगितलं, त्या बायकांनी घरच्यांना, आणि लोक दुकानात येऊन ‘तो ब्राउझर टाकून द्या’ म्हणायला लागले. माझं तत्त्व हे असं जन्माला आलं.

वहिनींनी त्यानंतर पुन्हा तसं कधी काही शोधलं का? मला माहीत नाही. कळायची सोय मीच बंद केली होती.

आता — मी मघाशी तुम्हाला घरात माहीत असलेली गोष्ट सांगितली. म्हातारी खवळली, म्हातारीनं अट घातली. ती तशी झाली नाही. मला वाटलं होतं, इथवर आलो की कसंतरी ओलांडून जाईन. नाही जमत. सांगतो.

त्या सकाळी आई मागं फुलं निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं — वहिनी असं असं करतायत, मनमाडचा माणूस आहे, मी मेल वाचलेत. आई खवळली नाही. ती बराच वेळ शेवंतीचे देठ खुडत राहिली. मग म्हणाली, “तिचं वय तरी काय हाय रे? किती दिस अशी काढायची तिनं? मला वाटायचंच लय दिसांपासून, पण आपण कसं बोलायचं?” आणि पुढं म्हणाली, “तूच जा मनमाडला. माणूस बघून ये. बरा असला तर मी बोलते तिच्याशी.”

हे माझी आई म्हणाली. सायखेड्याकडची, चौथी शिकलेली, कपाळाला बुक्का लावणारी माझी आई. तिला समजवायला कुणी लागलंच नाही. वहिनी ज्या गोष्टीला इतक्या भीत होत्या, ती पाच मिनिटांत आपणहून झाली होती. मला फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “आणि सई?”

“सई काय?”

“सई तिकडं जाणार. त्या माणसाचं नाव लावणार. दादाचं मग आपल्याकडं काय उरलं?”

दादाचं नाव मी मुद्दाम घेतलं. ते घेतल्यावर काय होणार हे मला ठाऊक होतं. आईच्या त्या दुखऱ्या जागेवर घरात कुणी बोट ठेवत नसे. तिचा हात थांबला. माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलला, आणि ती म्हणाली, “नाय. पोरगी नाय जायची.” अट आईनं घातली, पण घडवली मी. वर तिला बजावलं, माझं नाव घेऊ नकोस, वहिनींना वाईट वाटेल. वाईट वाटेल! तिनं नाव घेतलं नाही. सहा-सात वर्षं घेतलं नाही. भावकीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, म्हातारीनं सुनेचा संसार होऊ दिला नाही. आई ऐकून घ्यायची. मी तिथंच असायचो, पाटावर, जेवत.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, एका दुपारी वहिनी तिचे पाय चेपून डबा धुवायला बाहेर गेल्या. आईनं मला जवळ बोलावलं. “तिला तू सांगशील, का मी सांगून जाऊ?” मी म्हणालो, मी सांगतो. तिनं विश्वास ठेवला आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली. मी सांगितलं नाही. तेराव्यानंतर सांगू म्हटलं, मग वर्षश्राद्धानंतर, मग सईची बारावी होऊ दे म्हटलं. सई आता पुण्याला शिकते, होस्टेलवर राहते. तिला इथं ठेवण्यासाठी मी हे सगळं केलं होतं. ती दिवाळीला येते, चार दिवस राहते. वहिनी चाळिशी ओलांडून पुढं गेल्या. संध्याकाळी ओटीवर एकट्याच बसलेल्या असतात.

आता अलीकडचं. त्याशिवाय मी हे लिहायला बसलोच नसतो.

वहिनींच्या पॅकहाउसमध्ये रोहिणी नावाची मुलगी आहे. पंचविशीतली, नवरा अपघातात गेला, पदरात तीन वर्षांचा मुलगा. तिला एक स्थळ आलं होतं, मुलासकट करून घेणारं. सासरे तयार नव्हते. नातू सोडून जा म्हणत होते. वहिनी तिला सरळ माझ्या दुकानात घेऊन आल्या. “भाऊजी, तुम्ही बोला हिच्या सासऱ्यांशी. तुम्ही नीट सांगता.” मी नाही म्हणू शकलो नाही. रविवारी आम्ही तिघं एसटीनं हरसूलकडं गेलो.

सासरे भला माणूस होता. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी बोललो. मूल आईपासून तोडू नका म्हणालो. नातू सुट्ट्यांना येईल, त्याला तुमच्यापासून कुणी तोडत नाही म्हणालो. तुमच्या मुलाचं जे आहे ते त्याच्या चेहऱ्यात आहे, कागदावरच्या नावात नाही — हेही म्हणालो. असं बोलता येत होतं मला! इतकी वर्षं हे सगळं माझ्याजवळ होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “बोलाया सोपं हाय, दादा. तुमच्या घरात आली व्हती का अशी येळ?”

“आली होती,” मी म्हणालो.

“मग काय केलं तुम्ही?”

वहिनी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांची नजर जमिनीकडं होती. मला वाटतं, आयुष्यात याहून मोकळं दार मला कुणी उघडून दिलं नसतं. समोरचा माणूस विचारत होता, ज्यांना सांगायचं त्या हाताच्या अंतरावर होत्या. मी म्हणालो, “आम्ही चुकलो.”

आम्ही. ऐकलंत ना? मी नाही. आम्ही.

पण सासऱ्यांना ते लागलं असावं. संध्याकाळपर्यंत त्यांनी होकार दिला. रोहिणी वहिनींच्या गळ्यात पडून रडली आणि तिथंच राहिली. आम्ही दोघं परतीच्या एसटीत बसलो. गाडी रिकामीच होती. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “आईंची चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत आज.”

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिलो.

“पण त्यांचीसुद्धा नाही खरं तर,” त्या म्हणाल्या. “माझीच. मी तुम्हाला आधीच विश्वासात घ्यायला हवं होतं. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही आजच्यासारखेच बोलला असतात. मीच पुन्हा धीर केला नाही. इतकी वर्षं मनात होतं, आज सांगितलं. राग नका मानू.”

त्या माझी माफी मागत होत्या. एसटी खड्ड्यांतून चालली होती, मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसलो होतो, आणि त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

“असू द्या, वहिनी,” मी म्हणालो.

म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, आज हलकं झाल्यासारखं वाटतंय, आणि गिरणारेचा थांबा येईपर्यंत त्यांचा डोळा लागला.